आठ बाय चारच्या फळीवर किती रेल्वे मावते?

प्लायवूडच्या दुकानात पूर्ण शीट मागितली की आठ बाय चार फुटांची मिळते, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. मॉडेल रेल्वेचा नाद लागलेल्या माणसाला त्या शीटवर सगळं मावेल असं वाटतं: दुहेरी मार्ग, चार फलाटांचं स्टेशन, मालधक्का, बोगदा आणि वर एखादा घाटही. पेन्सिलीनं कागदावर काढलं तर ते मावतंही. प्रत्यक्ष रूळ जोडायला घेतले की मावत नाही, कारण कागदावर आपला हात सांधा, म्हणजे एका रुळातून दुसरा फुटतो तो तुकडा, नेहमी आखूड काढतो आणि वळण नेहमी तंग काढतो. ही खोड जगभरच्या हौशी मंडळींची आहे. अमेरिकेतल्या जॉन आर्मस्ट्राँग यांनी ‘ट्रॅक प्लॅनिंग फॉर रिअॅलिस्टिक ऑपरेशन’ या १९६३ सालच्या पुस्तकात तिच्यावर उपाय दिला. जागेचे चौकोन पाडायचे, चौकोनाची बाजू आपल्या वळणाच्या किमान त्रिज्येवरून ठरवायची, आणि वळण बसतं की नाही ते आधी या चौकोनांत पाहायचं.

आज हे काम संगणक करतो. नवशिक्यानं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं याचं माझं उत्तर त्या चौकोनांच्या हिशेबातूनच येतं: जे तुम्हाला खोटं काढू देत नाही, ते. त्रिमितीय देखावा, झाडं, डोंगर, धूर सोडणारं इंजिन ही नंतरची गोष्ट. तुम्ही विकत घेणार आहात तोच रूळ, त्याच मापाचा, पडद्यावर उचलून ठेवता येतो का आणि दोन टोकं जुळली नाहीत तर ते स्पष्ट दिसतं का, हे आधी बघायचं.

आपल्याकडे या छंदाची ओळख बहुतेकांना पुण्यात होते. कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलाला घरी गेल्या गेल्या असंच काहीतरी करायचं असतं, आणि बापालाही. मात्र चांगले रूळ आणि सांधे बहुतेक परदेशातून येतात. इंग्लंडची पेको, जपानची काटो, जर्मनीची मार्क्लिन, अमेरिकेची अॅटलस ही त्यातली मोठी नावं. चुकून दोन सांधे डावे मागवले आणि हवे होते उजवे, तर परत पाठवणं सोपं नाही. म्हणून आराखडा पूर्ण झाल्यावर सॉफ्टवेअर जी तुकड्यांची यादी काढून देतं, ती आपल्यासाठी सगळ्यात मोलाची आहे.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी तीन गोष्टी पक्क्या हव्यात: जागा, प्रमाण आणि रुळांची कंपनी. एचओ प्रमाण १:८७ असतं आणि रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. एन प्रमाण १:१६० असतं, अंतर ९ मिलिमीटर. आता डेक्कन क्वीनला लागतो तसला एलएचबी डबा घ्या. खरा डबा सुमारे २४ मीटर लांब, म्हणजे एचओमध्ये साडेसत्तावीस सेंटिमीटर. दहा डब्यांची गाडी पावणेतीन मीटर होते, म्हणजे आपल्या प्लायच्या शीटपेक्षा लांब. छंदातला जुना ठोकताळा सांगतो की वळणाची त्रिज्या सगळ्यात लांब डब्याच्या तिप्पट असली तर गाडी निर्धोक वळते. दुप्पट असली तर जेमतेम. तिप्पट म्हणजे इथे ८३ सेंटिमीटर. चार फुटी रुंदीत तेवढ्या त्रिज्येचं अर्धवर्तुळ बसत नाही. २२ इंची म्हणजे ५५९ मिलिमीटर त्रिज्या बसते, पण त्या वर्तुळाचा व्यास १११८ मिलिमीटर होतो, आणि स्लीपरची रुंदी धरली तर फळीच्या दोन्ही कडांना तीन-साडेतीन सेंटिमीटर उरतात. घसरलेला डबा तिथून थेट जमिनीवर जाणार. तीच गाडी एन प्रमाणात घेतली तर डबा १५ सेंटिमीटरचा होतो आणि सगळा हिशेब सुटसुटीत बसतो. काटोच्या २८२ मिलिमीटर त्रिज्येच्या आठ तुकड्यांत वर्तुळ पूर्ण होतं आणि ते दोन फुटी टेबलावर मावतं. मुंबईच्या घरांसाठी मी एनच सुचवेन.

आता प्रत्यक्ष सॉफ्टवेअरकडे वळू. विंडोजवर नवशिक्यासाठी दोन नावं पुढे येतात: एनीरेल आणि स्कार्म. एनीरेल नेदरलँड्समधलं आहे. डाव्या हाताच्या यादीतून रूळ उचलायचा, आराखड्यावर आणून सोडायचा, आणि तो जवळच्या टोकाला आपोआप चिकटतो. हे चिकटणं इतकं सहज आहे की पहिल्या अर्ध्या तासातच लंबवर्तुळ तयार होतं. लवचीक रूळ म्हणजे फ्लेक्स ट्रॅक हाताळण्यातही ते फार समजूतदार आहे: टोक ओढाल तसा रूळ वाकतो, आणि आपण घालून दिलेल्या किमान त्रिज्येपेक्षा तंग झाला की ते लक्षात आणून देतं. फुकट आवृत्तीत ५० तुकड्यांपर्यंतच जाता येतं. पुढे परवाना घ्यावा लागतो.

स्कार्म हे बल्गेरियातल्या मिलेन पीव्ह यांचं काम. त्याच्या फुकट आवृत्तीची मर्यादा १०० तुकड्यांची आहे, आणि आठ बाय चारच्या पहिल्या आराखड्याला ती सहसा पुरते. एचओमधलं १८ इंची वळण बारा तुकड्यांत पूर्ण गोल होतं. त्यात दोन्ही बाजूंना नऊ इंची सरळ तुकडे सहा-सहा घातले की पूर्ण शीटभर फिरणारा मार्ग चोवीस तुकड्यांत तयार होतो. उरलेल्या तुकड्यांत स्टेशनची लूप लाइन आणि दोन-तीन सायडिंग आरामात येतात. एका बटणावर आराखडा त्रिमितीत उभा राहतो. घरातल्यांना पटवून द्यायला त्याचा उपयोग होतो, हे मी मनापासून सांगतो. अॅटलस कंपनी आपल्या रुळांसाठी जे फुकट सॉफ्टवेअर देते तेही स्कार्मवरच बेतलेलं आहे. त्यामुळे फक्त अॅटलसचेच रूळ घेणार असाल तर तिथूनच सुरुवात करावी.

एक्सट्रॅककॅड पूर्णपणे मुक्त आहे. तुकड्यांची मर्यादा नाही, पैसे नाहीत, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. आपणच काढलेल्या मार्गावर पडद्यावरची गाडी चालवून पाहायचीही त्यात सोय आहे. ताकदीनं ते वरच्या दोघांना भारी आहे. पण त्याची वागणूक अभियंत्याच्या ड्रॉइंग बोर्डासारखी आहे. रुळांच्या मापांच्या फायली आधी भराव्या लागतात, आज्ञा शिकाव्या लागतात, आणि पहिली संध्याकाळ मदतीची पानं वाचण्यात जाते. ज्यांनी ऑटोकॅड किंवा तत्सम काही हाताळलं आहे त्यांनी थेट तेच घ्यावं, बाकीच्यांनी वर्षभरानं. मॅकवाल्यांसाठी रेलमॉडेलर आहे आणि ते वापरायला सोपं आहे.

माझा कौल स्पष्ट आहे. पहिला आराखडा स्कार्मच्या फुकट आवृत्तीत करावा. फ्लेक्स ट्रॅक भरपूर वापरायचं ठरलं तर एनीरेलचा परवाना घ्यावा. ज्या कंपनीचे रूळ घ्यायचे तिच्या रुळांची यादी सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर ते सॉफ्टवेअर कितीही गाजलेलं असलं तरी सोडून द्यावं.

शिकायला काय काढावं? मोठं स्टेशन नको. ‘इंगलनुक सायडिंग्ज’ नावाचा एक छोटा आराखडा ब्रिटनमधल्या अॅलन राइट यांनी रचला. तीन सायडिंग, दोनच सांधे. एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. आणि इंजिनाच्या बाजूच्या रुळावर इंजिन अधिक तीन वाघिणी. एकूण आठ वाघिणींतून चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या, आणि त्याच क्रमानं गाडी जुळवायची. पाचांच्या शक्य क्रमांची संख्या ६,७२० होते. म्हणजे हा खेळ वर्षानुवर्षं पुरतो.

हाच आराखडा एन प्रमाणात, आपल्या गाड्या धरून काढून पाहा. कोळशाची बॉक्सएन वाघीण खरी १०.७ मीटर, एनमध्ये ६७ मिलिमीटर. तीन वाघिणी म्हणजे २० सेंटिमीटर, पाच म्हणजे साडेतेहेतीस. डिझेल इंजिन साधारण ११. कागदावर आपण सांधा पाचेक सेंटिमीटरचा काढला असता. काटोचा ६ नंबरचा सांधा १८६ मिलिमीटरचा आहे, आणि त्याच्या फाट्यावर लगेच सायडिंग सरळ होत नाही. फाटा १५ अंशांनी बाहेर गेलेला असतो. तो समांतर आणायला उलटं वळण लागतं, तेही १८६ मिलिमीटरचंच. आता बेरीज करा: इंजिन आणि तीन वाघिणी ३१, पहिला सांधा १८.६, दुसरा सांधा १८.६, उलटं वळण १८.६, पुढे तीन वाघिणी २०. झाले १०७ सेंटिमीटर. चार फुटी फळीवर बसतं, आणि शेवटच्या टोकाला बफर लावायला जागा राहते. तीन फुटी फळीवर नाही बसणार. हे पडद्यावर दहा मिनिटांत कळतं. एवढ्या कामाला दोन्ही फुकट आवृत्त्यांमधले तुकडे पुरून उरतात.

याच आराखड्यात आणखी एक गोष्ट शिकून घ्यावी: फाउलिंग मार्क. दोन रूळ जिथे एकत्र येतात तिथे एका रुळावरची उभी वाघीण दुसऱ्यावरच्या चालत्या गाडीला घासू नये, म्हणून खऱ्या रेल्वेत दोन रुळांच्या मध्ये खूण असते आणि वाघीण तिच्या आतच उभी करायची असते. सॉफ्टवेअरमध्ये वाघिणीच्या मापाचे दोन आयत काढून ते शेजारच्या रुळांवर सरकवत न्या. जिथे ते एकमेकांना शिवायचे थांबतात, तिथून तुमची वापरायची सायडिंग सुरू होते. सायडिंगची लांबी सांध्यापासून मोजणारा माणूस पाचवी वाघीण ठेवायला गेला की अडकतो.

सांध्यांचे नंबर आपल्या रेल्वेतही ओळखीचे आहेत. भारतीय रेल्वेत यार्डात १ इन ८.५ (क्रॉसिंगवर साडेआठ एकक लांबीला एक एकक फाटा) आणि मुख्य मार्गावर १ इन १२ असे सांधे असतात. छंदातला ६ नंबर म्हणजे ढोबळमानानं १ इन ६. १ इन १२ चा खराखुरा सांधा एचओमध्ये काढला तर तो एकटाच शीटचा मोठा तुकडा खाऊन टाकतो.

घाटाचं काय? मराठी माणूस रेल्वेचं मॉडेल करेल आणि त्यात घाट नसेल हे अवघड आहे. बोरघाटाचा चढ १:३७ आहे. एचओमध्ये एका रुळावरून दुसरा न्यायचा तर साधारण ७६ मिलिमीटर उंची लागते, ओव्हरहेड तारा धरल्या तर अधिक. बोरघाटाच्या चढानं ७६ मिलिमीटर चढायला २.८१ मीटर लागतात, उतरायला तेवढेच. एकूण ५.६२ मीटर. आपला १८ इंची वळणाचा पूर्ण शीटभरचा मार्गही सुमारे ५.६ मीटरच भरतो. म्हणजे एका फेरीत चढून उतरायचं ठरवलं तर स्टेशनसाठी सपाट जागा उरतच नाही, आणि सपाटीवरून चढावर जाताना द्यावा लागणारा हळुवार बाक अजून धरलेलाच नाही. खऱ्या बोरघाटात १८६३ मध्ये मार्ग सुरू झाला तेव्हा गाडी उलट दिशेनं काढणारं रिव्हर्सिंग स्टेशन होतं, ते १९२९ मध्ये गेलं. फळीवर घाट हवाच असेल तर तीच युक्ती चालते: नागमोडी चढ, वर रिव्हर्सिंग, गोल फेरी नाही. स्कार्म आणि एनीरेल दोन्हींत रुळाच्या टोकांना उंची दिली की चढाची टक्केवारी दिसते. ती तीनच्या वर गेली की थांबावं.

ब्रॉडगेजची अडचण निराळी आहे. आपले रूळ १६७६ मिलिमीटर अंतरावर असतात. १:८७ मध्ये ते १९.२६ होतात. बाजारातला एचओ रूळ १६.५ चा, म्हणजे खऱ्या १४३५ मिलिमीटरचा. पुणे मेट्रोसाठी तो अगदी बरोबर आहे, डेक्कन क्वीनसाठी अरुंद. बहुतेक जण हे चालवून घेतात, आणि नवशिक्यानं तेच करावं. ज्यांना ते खुपतं त्यांनी रूळ हातानं बांधायचे. त्यासाठी मार्टिन विन यांचं टेम्प्लॉट आहे. त्यात हवं ते गेज घालून सांध्याचा पूर्ण मापाचा साचा छापता येतो आणि त्यावर स्लीपर चिकटवत जायचं. टेम्प्लॉट नवशिक्यासाठी नाही, पण १९.२६ चा खरा सांधा कुणाला हवा असेल तर वाट तिथूनच जाते. बार्शी लाइट रेल्वेच्या चाहत्यांची मात्र सोय झालेली आहे. तिचं ७६२ मिलिमीटरचं गेज १:८७ मध्ये पावणेनऊ मिलिमीटर होतं, आणि ९ मिलिमीटरचे नॅरोगेज रूळ बाजारात तयार मिळतात. सॉफ्टवेअरमध्ये डबे एचओच्या मापाचे धरायचे आणि यादी ९ मिलिमीटरच्या नॅरोगेज रुळांची निवडायची.

आराखडा पक्का वाटला की ऑर्डर देण्याआधी तो पूर्ण मापात छापा. ही सोय एनीरेल, स्कार्म आणि एक्सट्रॅककॅड तिन्हींत आहे, ए-फोरच्या कागदांवर तुकडे होऊन छापतं. प्रिंटरच्या चौकटीतला ‘कागदात बसवा’ हा पर्याय बंद करायचा, नाहीतर सगळंच चार-पाच टक्क्यांनी लहान छापलं जातं आणि कळतही नाही. पहिला कागद आला की त्यावरचा एक सरळ तुकडा पट्टीनं मोजायचा. काटोचा २४८ मिलिमीटरचा तुकडा २४८ भरला तरच पुढचे कागद काढायचे. मग ते चिकटपट्टीनं जोडून फळीवर अंथरायचे आणि फळी जिथे राहणार आहे तिथेच ठेवायची. हात ७५ सेंटिमीटरच्या पलीकडे नीट पोहोचत नाही. चार फुटी शीट भिंतीला लावली तर मागच्या वळणावर घसरलेली गाडी उचलता येणार नाही. म्हणून एक तर फळी भिंतीपासून सुटी ठेवायची, नाहीतर पुन्हा संगणकावर बसून तोच मार्ग दोन फुटी रुंदीत भिंतीलगत एल आकारात न्यायचा.