वायर गरम होते? आधी जोड बघा



१ ऑगस्टला दर्या उघडतोय. बोटींची कामं शेवटाला आली आहेत. गेल्या आठवड्यात जेटीवर आपल्या एका सभासदाने हाक मारली, "सेक्रेटरी, इन्व्हर्टरची वायर नवी घातली, तरी केबिनमध्ये जळका वास येतोच."

सगळं बंद करून वायरीवर हात फिरवला. बॅटरीकडची वीतभर वायर कढत, पुढची सगळी थंड. निदान तिथेच झालं. वायर पूर्ण लांबीभर तापत असेल, तर ती लोडच्या मानाने बारीक आहे. एकाच टोकाला तापत असेल, तर दोष त्या जोडाचा. इथे लग नुसता पकडीने चेपलेला, नट सैल आणि खाली पांढरा-हिरवट थर. खाऱ्या हवेत दुसरं काय होणार!

घरी २३० व्होल्टवर १००० वॅटला चार-साडेचार अँपियर लागतात. बोटीत १२ व्होल्टवर तेवढ्याच कामाला ८० च्या वर. खराब जोडात अर्धा व्होल्ट जरी अडकला, तरी तिथे ४० वॅटची उष्णता तयार होते. म्हणजे बॅटरीच्या पेटीत तापलेली सोल्डरिंगची कांडी ठेवून दिल्यासारखंच.

आणि "फ्यूज आहे ना" म्हणून बिनधास्त राहू नका. सैल जोडाने करंट वाढत नाही, म्हणून फ्यूज उडत नाही. प्लास्टिक वितळतं, फायबर पेट घेतं, फ्यूज मात्र शाबूत!

जोड कसा तपासायचा?
लोड चालू ठेवा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक काडी बॅटरीच्या खांबावर, दुसरी लगवर. चांगल्या जोडात आकडा शून्याच्या जवळ येतो. ०.२ किंवा जास्त आला, तर जोड उघडा. तसंच फ्यूज होल्डर आणि मेन स्विचच्या दोन्ही टोकांना बघा. निगेटिव्हची बाजू बरेच जण विसरतात, ती विसरू नका.

दुरुस्ती
१. इंजिन, चार्जर, सगळे लोड बंद. पेटी उघडून हवा खेळू द्या. बॅटरीतून निघणारा गॅस पेटतो, जवळ विडी नको.
२. आधी निगेटिव्ह काढा. परत लावताना ती शेवटी.
३. खांब आणि लग घासून चकचकीत करा. काळी पडलेली तार कापून नवा लग क्रिंपिंगच्या हत्याराने दाबा. शक्यतो कथील चढवलेली तांब्याची वायर घ्या, ती खाऱ्यात टिकते.
४. नट पान्याने आवळा, मग वरून व्हॅसलीन लावा. आधी नको.
५. अर्ध्या तासाने लोड बंद करून परत हात लावून बघा.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा घालू नका, तार तर गुंडाळूच नका. फ्यूज वायरीच्या जाडीप्रमाणे हवा आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात.

त्या सभासदाची नवी वायर चांगलीच होती. लग बदलला, वास गेला. किनाऱ्यावर हे अर्ध्या तासाचं काम. रात्री खोल पाण्यात केबिनमधून धूर निघाला तर उडी मारायला फक्त दर्याच असतो.

सोसायटीच्या ऑफिसात मल्टिमीटर ठेवला आहे. तांडेलाला पाठवा, घेऊन जा, पण परत आणून द्या!

तुमचा सेक्रेटरी