डंपर चढावर, सुई लालकडे

हौशी लोक वेगवान ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स तापतो म्हणून जादा ऑइल कूलर बसवून घेतात. ट्रॅकवर चार फेऱ्या झाल्या की गाडी बाजूला घेऊन तेल निवू देता येते. घुग्घुसभोवतीच्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) खुल्या खाणींत ओबी, म्हणजे कोळशावरची माती-दगड, वाहणाऱ्या डंपरला ती मुभा नसते. १०० टनी डंपरचा गिअरबॉक्सही ऑटोमॅटिकच, टॉर्क कन्व्हर्टरवाला. तो तिन्ही पाळ्यांत चालतो, मे महिन्यात पारा ४६ अंशांवर असतानाही.

कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स लोखंडाने जोडलेले नसतात, मधे तेल असते. भरलेला डंपर चढावर निघाला की एका बाजूचे पाते जोरात फिरते, दुसरे मागे राहते. या फरकाची ताकद तेलात उष्णता होऊन उतरते. इंजिन हजार अश्वशक्तीचे आणि त्यातली वीस टक्के ताकद अशी वाया गेली, तर ती दीडशे किलोवॉट. म्हणजे अंघोळीचे पाणी तापवायचे दीड किलोवॉटचे शंभर रॉड एकाच तेलात बुडवल्यासारखे. वेग थोडा वाढला की लॉक-अप क्लच लागतो, दोन्ही बाजू एक होतात आणि ही उष्णता थांबते.

म्हणून रस्ता महत्त्वाचा. खाणीतल्या हॉल रोडचा चढ साधारणपणे १६ ला १ पेक्षा जास्त नसावा, असा नियम आहे. त्याच रस्त्यावर पावसाने खड्डे पडले, चिखल झाला, की चाक रुतते, वेग पडतो, लॉक-अप सुटतो आणि सगळा भार पुन्हा तेलावर येतो. रस्ता सपाट करणारा ग्रेडर वेळेवर फिरला तर निम्मे काम तिथेच होते, असे माझे मत झाले आहे. वर्कशॉपमध्ये मात्र खापर नेहमी कूलरवर फुटते!

कूलरचेही गणित आहे. गिअरबॉक्सचे तेल आपली उष्णता पाण्याला देते, पाणी ती रेडिएटरमधून हवेला देते. पाणी ९० अंशांवर आणि बाहेर डिसेंबरच्या पहाटेचे १२ अंश असतील तर फरक ७८ चा. मे महिन्यात तो ४४ उरतो. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण काम जेमतेम निम्म्याहून थोडे जास्त. त्यात कोळशाची भुकटी.

ती जवळून पाहिली. कुठेतरी तेलाचा झिरपा असतो, त्याच्यावर भुकटी बसते आणि जाळीत काळा गिलावा तयार होतो. मेकॅनिक बॅटरी लावून जाळीच्या मागे धरतो आणि पुढून पाहतो. जिथे उजेड येत नाही, तिथून हवाही जात नाही. मग पंख्याच्या बाजूने, म्हणजे हवेच्या उलट दिशेने, कॉम्प्रेसरची हवा मारायची. घाईने जवळून जोराचे पाणी मारले तर पातळ पत्रे वाकतात आणि जाळी कायमची बंद होते. गिअरबॉक्सची डिपस्टिक ओढल्यावर मेकॅनिक तेलाचा रंग पाहत बसत नाही, आधी वास घेतो. जळका वास म्हणजे क्लचच्या प्लेटा भाजल्या. तेल जास्त भरलेले असले तरी वाईटच. फिरत्या भागांनी घुसळून फेस होतो आणि गिअरबॉक्स आणखी तापतो.

तेल साधारण ८० ते ९५ अंशांत ठीक असते, १२० च्या पुढे धोका. पुढच्या दर दहा अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते, हा ढोबळ हिशेब. सुई लालकडे गेली तर नवा ऑपरेटर घाबरून इंजिन बंद करतो. ते चूक. पंपच थांबला तर तेल कूलरपर्यंत जाणार कसे? सपाट जागा पाहून न्यूट्रल करायचे, इंजिन थोडे चढ्या फेऱ्यांवर ठेवायचे. दोन-तीन मिनिटांत सुई खाली येते. नाही आली तर बिघाड आहे, पुढची खेप करू नये.

तुमच्या ऑटोमॅटिक कारलाही हेच लागू आहे. घाटात भरलेली गाडी रांगेत अडकली तर अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून उभी ठेवू नका, ब्रेक लावा. आणि मोठा कूलर बसवण्यापूर्वी रेडिएटरची जाळी धुऊन घ्या, गिअरबॉक्सचे तेल शेवटचे कधी बदलले तेही तपासा.