इंग्रजी शब्दांतील अक्षरशोध : कोशक्रमाची मर्यादा

इंग्रजी शब्दकोश आद्याक्षरानुसार रचलेला असल्याने शब्दाच्या अंतर्भागातील अक्षरांवरून शोध घेणाऱ्यास तो फारसा उपयोगी पडत नाही. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर याच क्रमाने व एकेकदाच असलेले ‘फॅसिशस’ आणि ‘अ‍ॅबस्टीमिअस’ हे शब्द उच्चारावरून तर सापडतच नाहीत. येथे शोध लेखनातील वर्णांचा असतो, ध्वनींचा नव्हे, आणि मराठी माध्यमातील विद्यार्थी नेमका येथेच अडखळतो. केन थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये घडविलेली ‘ग्रेप’ ही संगणकीय आज्ञा शब्दसूचीतील प्रत्येक ओळ दिलेल्या आकृतिबंधाशी ताडून पाहते. यंत्राविना मात्र उपसर्ग-प्रत्ययांचाच आधार घ्यावा लागतो. एकही अक्षर पुन्हा न येणारा पंधरा अक्षरी ‘अनकॉपीराइटेबल’ हा शब्द ‘कॉपीराइट’ला दोन्ही बाजूंनी जोड देऊनच सिद्ध होतो.