ऑक्सिजनची चकती

काचेच्या पेटीत बाळ उताणं निजलंय. सत्ताविसाव्या आठवड्यातच जन्मलेलं, वजन किलोच्या आत. तळपायाला गुंडाळलेल्या प्रोबचा लाल उजेड पातळ कातडीतून आरपार दिसतोय. नाकात सीपॅप या श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राच्या बारीक नळ्या. यंत्राच्या दुसऱ्या बाजूची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली, तिथं बुडबुड्यांचा अखंड आवाज. मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, सॅच्युरेशन, ९७ टक्के.

सिस्टर ऑक्सिजनची चकती ३० वरून २७ वर आणतात. आई चटकन पुढे सरकते.

‘सिस्टर, कमी का केला? वाढवा ना थोडा.’

‘पुरतोय ताई त्याला. जास्त होतोय म्हणूनच कमी केला. नव्वद ते पंच्याण्णवमध्ये राहू दे.’

आईला ते पटलेलं दिसत नाही. तिचं काय चुकलं? प्राणवायू जितका जास्त तितकं बरं, असं कुणालाही वाटेल.

पण या छातीत आत्ता काय चाललंय, ते पाहायला हवं. फुप्फुसात अजून खरे वायुकोश नाहीत, नुसत्या जाड भिंतींच्या पिशव्या आहेत. गर्भात ऑक्सिजन फार कमी असतो, आणि ती कमतरता हाच वाढीचा निरोप असतो. पेशीत एचआयएफ नावाचं प्रथिन सारखं तयार होतं आणि ऑक्सिजन भरपूर असला की लगेच मोडीत निघतं. गर्भात ते टिकतं. मग त्याच्या सांगण्यावरून श्वासमार्गाच्या अस्तरातल्या पेशी व्हीईजीएफ हे दुसरं प्रथिन सोडतात. ते शेजारच्या रक्तवाहिनीच्या पेशींवर जाऊन बसतं. त्या पेशी वाढतात, नायट्रिक ऑक्साइड तयार करतात, नवे फाटे काढतात. असं करत केशवाहिन्या पिशव्यांच्या भिंतींना इतक्या बिलगतात की हवा आणि रक्त यांच्यामध्ये एक मायक्रॉनपेक्षाही पातळ पडदा उरतो. पेशीला ऑक्सिजन कसा कळतो, हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. त्या शोधाचं मोल मला या चकतीपाशी उभं राहून कळतंय.

हे बाळ तीन महिने आधीच हवेत आलं. बाहेर साध्या हवेतही गर्भापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन. त्यात नळीतून आणखी सोडला तर निरोप आणखी मंदावतो. रक्तवाहिन्या अडल्या की वायुकोशही अडतात. नवजात उंदरांमध्ये व्हीईजीएफचा निरोप औषधानं अडवला, तेव्हा त्यांच्या फुप्फुसात वायुकोशच कमी तयार झाले. म्हणजे वाहिन्या फुप्फुसाच्या मागून येत नाहीत, त्याला घडवतात. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

सॅच्युरेशन ९३ वर स्थिरावतं. सिस्टर आईला खुर्चीत बसवतात, नळ्या सांभाळत बाळ तिच्या उघड्या छातीवर ठेवतात आणि वरून दुपटं घालतात. आईची नजर अजून आकड्यावरच आहे.

‘घरी कोणी विडी-सिगारेट ओढतं का?’ डॉक्टर विचारतात.

ती मान खाली घालते. ‘सासरे.’

वायुकोश आणि त्यांच्या वाहिन्या जन्मानंतरही वाढत राहतात, पहिल्या दोन-तीन वर्षांत तर झपाट्यानं. तुमच्या घरी असं अपुऱ्या दिवसांचं बाळ येणार असेल, तर विडी, सिगारेट, चूल, कसलाही धूर त्याच्यापर्यंत पोचू देऊ नका. आणि डॉक्टर सांगतील त्या दिवशी त्याचे डोळे तपासून घ्या. तिथल्या रक्तवाहिन्याही याच निरोपावर वाढतात.