हळद मोडून बघा, सालीवर जाऊ नका

मिरज तालुक्यातल्या एका वस्तीवर आबांनी दोन हळकुंडं माझ्यापुढं ठेवली. "साहेब, ही माझी, अन् ही बाजारातली. बाजारातली कशी पिवळीजर्द! आमचीच मळकट. पॉलिशच्या ड्रममध्ये रंग टाका म्हणतोय एक जण. टाकू का?"

दोन्ही मोडली. बाजारातलं आतून फिकट निघालं, आबांचं थेट केशरी!

शेतकरी बंधूंनो, हळदीला रंग देणारं मुख्य द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. सूज कमी करणारा गुण म्हणून ज्याचा बोलबाला होतो, ते हेच. ते हळकुंडाच्या गाभ्यात असतं, त्यामुळं मोडलेल्या तोंडाचा गडद केशरी रंग ही चांगली खूण आहे. नेमका आकडा मात्र प्रयोगशाळेतच कळतो. चुना लावला की हळद लाल होते, ती कुंकवाची करामत. त्यावरून टक्केवारी निघत नाही. वाणावाणातही मोठा फरक आहे. वर्धा जिल्ह्यातल्या वायगाव हळदीत किंवा कालिकतच्या मसाला संशोधन संस्थेच्या प्रभा, प्रतिभा या वाणांत कर्क्युमिन सहा टक्क्यांच्या आसपास भरतं, काही वाणांत त्याच्या निम्मंच.

आता रंगाचं. मेटॅनिल यलो खाण्यात चालत नाही आणि लेड क्रोमेट म्हणजे तर शिसं, पोराबाळांच्या मेंदूवर घाला. बांगलादेशात १९८० च्या दशकात पुरामुळं हळद नीट वाळली नाही, मळकट दिसू लागली, तेव्हा हा पिवळा रंग चोळायची खोड लागली. पुढं तिथल्या लोकांच्या रक्तातलं शिसं याच हळदीतून आल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. सरकारनं धाडी घातल्या तेव्हा ती थांबली. चमकच हवी असेल तर पॉलिशच्या शेवटी हळदीचीच पूड पाण्यात कालवून शिंपडा.

आबांच्या खळ्यावर गेलो अन् मळकटपणाचं कारण सापडलं. शिजवलेली हळद मातीवर पसरलेली, गड्डे अन् हळकुंडं एकाच कुकरात शिजवलेली. गड्ड्यांना वेळ जास्त लागतो, तोवर हळकुंडं जादा शिजून रंग उतरतो. दोन्ही वेगवेगळी शिजवा, काडी सहज टोचली की काढा. ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर पातळ पसरा, रात्री झाका. मोडताना खणखणीत आवाज आला की वाळली समजा. काढणीही पाला वाळून पडल्यावरच करा. कच्च्या काढणीत रंग भरत नाही.

"म्हंजे ताडपत्रीचा खर्च," आबा म्हणाले. होय, पण रंगाच्या डब्यापेक्षा तो परवडला.