तीस हजार वजा जाता समता

मुरुडच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. कॉलेजात इतिहास शिकवतो. अभ्यासवर्गात एका मुलाने विचारले, ‘सर, मध्ययुगात करमती लोकांनी समतेचे राज्य केले, हे खरे का?’ नुसते ‘होय’ म्हणून सुटता येत नाही, म्हणून हे टिपण.

करमती हे शियांतील इस्माइली शाखेचे. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात हमदान करमत याने दक्षिण इराकमधील कूफ्याच्या खेड्यांतून प्रचार केला. महदी येईल आणि अन्यायाचे राज्य संपेल, ही त्यातली आशा. इ. स. ८९९ मध्ये अबू सईद अल-जन्नाबीने पूर्व अरबस्तानात राज्य उभारले. ९३० मध्ये त्याच्या मुलाने मक्केतून काबाचा काळा दगड पळवला. तो ९५१ मध्ये परत आला. इतिहासकारांनी पाने भरली ती या दगडावर.

राज्याचा संसार कसा चाले, हे नासिर खुसरो सांगतो. हा फारसी प्रवासी स्वतः इस्माइली. १०५१ मध्ये तो राजधानी लहसा येथे होता. प्रजेवर कर नाही. कर्जबाजाऱ्याला सरकारची मदत, तीही बिनव्याजी. परका कारागीर आला तर त्याला हत्यारांपुरते भांडवल. सरकारी चक्क्यांवर दळण फुकट. सहा जण एकत्र बसून कारभार पाहत. कोणाचे घर पडले आणि दुरुस्तीची ऐपत नसली, तर सरकार आपले गुलाम पाठवी.

गुलाम! राज्याने विकत घेतलेले तीस हजार झंजी आणि हबशी शेतांत, बागांत राबत होते. कर का नव्हता, ते इथे कळते.

माझा आजोबा पावसाआधी दुसऱ्यांची घरे शाकारायला जाई, वेठीने. त्यामुळे हे वाचताना मला आधी छपरावर चढलेला माणूस दिसतो.

आमचे काही डावे मित्र म्हणतात, ती त्या काळाची मर्यादा. पण काळ कोणाचा? त्याच मुलखाशेजारी, बसऱ्याच्या खारट दलदलीत, झंजी गुलामांनी ८६९ ते ८८३ अशी चौदा वर्षे खलिफाशी लढाई केली होती. करमती राज्य त्यानंतर सोळा वर्षांनी उभे राहिले. गुलामी गुलामाला मान्य नसते, हे त्या काळाला माहीत होते.

१०७७ च्या सुमारास ते राज्य बुडाले. नासिर खुसरोच्या त्या वर्णनात तीस हजारांपैकी एकाचेही नाव नाही. पुढच्या वर्गात तोच उतारा घेणार आहोत. मांडणी प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडे दिली आहे.