लग्नाआधी केलेली सही
परदेशी बिऱ्हाड : लेखांक 6

पुण्याहून जर्मनीत नोकरीला गेलेल्या इंजिनिअरला पहिल्या पंधरा दिवसांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘पब्लिक घेतोयस की प्रायव्हेट?’ प्रश्न आरोग्य विम्याचा असतो. तो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, एकटा आणि ठणठणीत असतो. एजंट कॉफी पाजून प्रायव्हेटचा तक्ता पुढे सरकवतो. त्याच्या वयाला हप्ता कमी, तज्ज्ञ डॉक्टरची वेळ लवकर, इस्पितळात स्वतंत्र खोली. सही होते. दोन-तीन वर्षांनी लग्न ठरतं, आणि हॉल, केटरर, व्हिसाची अपॉइंटमेंट या धावपळीत त्या सहीची आठवण कुणालाही राहत नाही. बायकोचा विमा काय, हे मात्र बऱ्याच अंशी त्या सहीनेच ठरवून ठेवलेलं असतं.

जर्मनीत विम्याशिवाय राहता येत नाही. 1883 साली बिस्मार्कने कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला, त्यातूनच आजची सरकारी नियमांखालची ‘पब्लिक’ व्यवस्था वाढली. टेक्निकर, एओके, बार्मर या तिथल्या ‘क्रांकेनकासे’, म्हणजे आजार-निधी. दहातली जवळपास नऊ माणसं त्यांच्याकडेच आहेत. इथला हप्ता वयावर किंवा तब्येतीवर बसत नाही, पगारावर बसतो. मूळ दर 14.6 टक्के, वर प्रत्येक कासेचा जादा दर. 2026 साठी त्याची सरासरी 2.9 टक्के धरली आहे. निम्मा भार मालकाचा. हप्त्यासाठी वर्षाचा पगार मोजतात तो 69,750 युरोपर्यंतच, त्यामुळे कितीही पगार असला तरी सरासरी दराने कर्मचाऱ्याचा वाटा महिन्याला 509 युरोंच्या आसपास थांबतो.

आणि याच रकमेत बायको येते. मुलंही येतात. जादा एक सेंट नाही. या सोयीला जर्मनमध्ये ‘फामिलियेनफेरझिशरुंग’ असं लांबलचक नाव आहे, आपण कुटुंब-विमा म्हणू. जोडीदार कोणत्या देशाचा, हा प्रश्न इथे येत नाही. तो जर्मनीत राहायला आलेला हवा आणि त्याची स्वतःची कमाई मर्यादेत हवी, एवढं बघतात. आधीच्या आजारांची चौकशी नाही. मधुमेह असो, थायरॉइड असो, दिवस गेलेले असोत, कासे नाही म्हणू शकत नाही.

प्रायव्हेटमध्ये ‘कुटुंब’ नावाचं काही नसतं. दर माणशी वेगळा करार, वेगळा हप्ता, आणि आधी प्रश्नावली : गेल्या काही वर्षांत कोणते आजार, कोणते उपचार, कोणती औषधं. उत्तरं पाहून कंपनी हप्ता वाढवते किंवा अर्ज नाकारते. बाळंतपणासाठी प्रायव्हेट करारांत 8 महिने थांबण्याची अट असू शकते. नाकारलेल्यांसाठी 2009 पासून ‘बाझिसतारीफ’ नावाची सक्तीची योजना आहे खरी, पण तिचा हप्ता पब्लिकच्या कमाल हप्त्याइतका, म्हणजे एक हजार युरोंच्या घरात जाऊ शकतो. बायको कमावती नसताना.

मग तिने स्वतःहून पब्लिक घ्यावं, असं इथून निघताना सगळ्यांना वाटतं. तसं दार उघडं नाही. स्वेच्छेने पब्लिकमध्ये शिरायला साधारणपणे आधीचा पब्लिक विम्याचा काळ लागतो, आणि नुकत्याच नाशिकहून आलेल्या मुलीकडे तो कुठून असणार? नवऱ्याला स्वतःला ही संधी होती. जर्मनीत पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याला पगार मोठा असला तरी पब्लिक निवडता येतं, पण तीन महिन्यांत कळवावं लागतं. कॉफीच्या टेबलावर हे तीन महिने निघून जातात. एजंट खोटं बोललेला नसतो. त्याने एकट्या माणसाचा हिशेब मांडलेला असतो, इतकंच.

परतीची वाट मात्र आहे, आणि कित्येकांना ती समोर आलेली कळतही नाही. प्रायव्हेट निवडण्यासाठी वार्षिक पगार एका रेषेच्या वर असावा लागतो आणि ही रेषा दर वर्षी हलते. 2023 मध्ये ती 66,600 युरोंवर होती, 2024 मध्ये 69,300, 2025 मध्ये 73,800. 2026 साठी 77,400. आता समजा, हिंजवडीतून श्टुटगार्टला गेलेला एक जण 2023 मध्ये 68,000 पगारावर लागला आणि त्याने प्रायव्हेट घेतलं. बढत्या मिळत 2025 मध्ये तो 75,000 वर पोचला, म्हणजे रेषेच्या वरच राहिला. 1 जानेवारी 2026 ला पगार तोच, पण रेषा वर सरकली आणि तो तिच्याखाली आला. आता कायद्यानेच तो पब्लिकमध्ये जातो. मार्चमध्ये बायको उतरली, की तीही त्याच्या विम्यात.

मात्र याच वेळी त्याच्याकडे आणखी एक कागद येऊ शकतो. सक्तीतून सूट मागण्याचा. प्रायव्हेट चालू ठेवायचं असेल तर तीन महिन्यांत हा अर्ज करता येतो, आणि एकदा मंजूर झाला की मागे घेता येत नाही. ज्याच्या घरी वर्षभरात लग्न आहे, त्याने या कागदावर सवयीने सही करू नये. वयाची पंचावन्न उलटल्यावर तर पब्लिककडे परतणं जवळपास बंदच होतं. दुसरी वाट बायकोच्या नोकरीची. फुटकळ कामाच्या वरची आणि त्या रेषेच्या खालची नोकरी तिला लागली, की ती स्वतःच्या हक्काने पब्लिकमध्ये येते, नवऱ्याचा विमा कुठलाही असो.

कुटुंब-विम्यातली कमाईची मर्यादा आता बघू, कारण इथे आपल्याकडच्या मुली नेमक्या अडकतात. 2026 साठी ही मर्यादा महिन्याला 565 युरो आहे. ‘मिनीजॉब’ या ठरीव छोट्या कामासाठी 603. रुपयांत साठ हजारांच्या आसपास. पुण्याच्या कंपनीने ‘तिकडून लॅपटॉपवर काम चालू ठेव’ म्हटलं आणि पगार ऐंशी हजार असला, तर जर्मनीत बसून केलेल्या त्या कामाची कमाई मर्यादेबाहेर जाते आणि कुटुंब-विमा सुटतो. कासेच्या फॉर्ममध्ये घरभाडं आणि व्याजाचाही रकाना असतो. तो ‘इकडचं तिकडे कोण बघतं’ म्हणून रिकामा सोडणारे आहेत. कासे अधूनमधून पुन्हा फॉर्म पाठवते, आणि मागचा हिशेब काढू शकते.

कुटुंब-विमा जर्मनीत राहायला आल्यापासून लागतो, विमानात बसल्यापासून नाही. व्हिसासाठी मात्र पोचल्या दिवसापासूनचा विमा दाखवावा लागतो. म्हणून पहिल्या काही आठवड्यांची प्रवास-पॉलिसी सोबत घ्यावी. तिच्यात आधीचे आजार आणि गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासण्या सहसा नसतात, हे ध्यानात ठेवून चालू गोळ्यांचा साठा आणि डॉक्टरची चिठ्ठी बॅगेत हवी. पोचल्यावर पत्त्याची नोंदणी, मग तो दाखला, विवाह प्रमाणपत्र आणि फोटो कासेकडे. फॉर्म थोडा उशिरा गेला तरी अटी ज्या दिवसापासून पुऱ्या होतात, त्या दिवसापासून विमा धरला जातो. कार्ड यायला काही आठवडे लागतात. तोवर कासेकडून बदली दाखला मागवता येतो आणि डॉक्टरकडे तो चालतो.

ब्रिटनमध्ये यातलं काहीच नाही. तिथे जोडीदाराच्या आरोग्यसेवेचे पैसे व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरून मोकळं व्हायचं : फेब्रुवारी 2024 पासून वर्षाला 1,035 पौंड, पूर्वी 624 होते. पहिला जोडीदार-व्हिसा 33 महिन्यांचा असतो, पण आकारणी तीन वर्षांची, म्हणजे 3,105 पौंड एकरकमी. मग एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे डॉक्टर आणि इस्पितळ रहिवाशांसारखंच. इंग्लंडात औषधाच्या चिठ्ठीचे आणि दातांचे पैसे वेगळे, स्कॉटलंड-वेल्समध्ये चिठ्ठी फुकट.

राहिली भारतातली पॉलिसी. निघताना ती बंद करायची घाई होते. जुन्या आजारांसाठी आपल्याकडे तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, आणि पॉलिसी तुटली की परतल्यावर ही मोजणी पहिल्यापासून सुरू होते. दोन वर्षांच्या करारावर निघालेल्या जोडप्याने हप्ता चालू ठेवणं बहुधा स्वस्तात पडतं. पुढच्या अंकात मुलं : आई पब्लिकमध्ये, बाप प्रायव्हेटमध्ये आणि बापाचा पगार जास्त असेल, तर तान्ह्याचा विमा कुणाकडे, यावर.